काय म्हणला त्यो?

आमच्या सेलूच्या घरी रात्री साडेआठला टीव्ही लागला, की थोड्या वेळानं आप्पांचा प्रश्न येतो, "काय म्हणला त्यो?" आई सांगते. तोवर पडद्यावरचं माणूस पुढचं वाक्य बोलून मोकळं होतं. आप्पा पुन्हा, "आन् ती काय म्हणली?" आई पुन्हा सांगते. पाच-सहा वर्षं झाली या गोष्टीला. सुरुवातीला आवाज वाढवून भागायचं. मग तो इतका वाढला की शेजारच्या पोरांना अभ्यासाला बसवेना, आणि आप्पांना बोलणं तरीही कळेना.

मागच्या मार्गशीर्षात मी चार दिवस सलग राहिले. एरवी संभाजीनगरहून देवगिरी एक्स्प्रेसनं यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत फिरायचं, त्यात काही नीट दिसत नाही. या वेळी दिसलं. आई एक वाक्य सांगत असते तेवढ्यात दुसरं होऊन जातं, आणि ते तिचंही हुकतं. दिवसभर उभ्यानं काम करून ती त्या अर्ध्या तासासाठी टेकते, आणि तो अर्धा तासही दुसऱ्याला गोष्ट सांगण्यात जातो. मी तसं म्हणाले, तर म्हणाली, "मग त्यायनी काय नुसतं चित्र बघत बसावं का?"

आप्पांचे कान परभणीला तपासून झालेले आहेत. त्या आलेखाचा कागद मी त्या चार दिवसांत पहिल्यांदा नीट वाचला. खालच्या पट्टीच्या आवाजांपाशी रेघ जवळजवळ सरळ आहे. दोन हजार हर्ट्झच्या पुढं ती घाट उतरावा तशी खाली जाते. वयाबरोबर येणारा बहिरेपणा बहुतेक वेळा असाच येतो, वरच्या पट्टीतलं ऐकू येणं आधी जातं. बोलण्यातला जोर स्वरांत असतो आणि स्वरांचं बळ खालच्या पट्टीत असतं, ते आप्पांच्या कानापर्यंत येतं. स, श, फ, थ, ख ही व्यंजनं मात्र वरच्या पट्टीतली, आणि जात्याच अशक्त. म्हणून कुणीतरी बोलतंय हे त्यांना कळतं, काय बोलतंय हे कळत नाही. 'सात' म्हणा की 'हात' म्हणा, त्यांच्यापाशी 'आत' एवढंच पोचतं. टीव्हीचा आवाज वाढवला की स्वर वाढतात, मागचे ढोल-व्हायोलिन वाढतात, आणि बिचारा 'स' त्यांच्या खाली दबलेला तो दबलेलाच. कानातलं यंत्र आप्पा लावतात. समोर बसून बोलणाऱ्या माणसापुरता त्याचा चांगला उपयोग होतो, पण टीव्हीपुढं ते पार्श्वसंगीतही मोठं करून देतं.

म्हणजे बोलणं बाकी सगळ्यापासून वेगळं काढून फक्त तेच वाढवायला हवं होतं. आणि सिनेमात ते आधीच वेगळं काढून ठेवलेलं असतं.

सराउंड साउंड म्हटलं की लोकांना पाठीमागून जाणारं हेलिकॉप्टर आठवतं. ५.१ मधले पाच म्हणजे समोर डावा, उजवा आणि मधला, आणि बाजूला किंवा जरा मागं दोन. तो '.१' म्हणजे फक्त खर्जाचा, गडगडाटाचा मार्ग. डॉल्बी डिजिटल या पद्धतीनं हे सहा मार्ग १९९२ साली सिनेमागृहांत आले आणि मग डीव्हीडीबरोबर घराघरांत. या सहांतला मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो मधला. नट-नट्यांचं जवळजवळ सगळं बोलणं त्याच्यातून येतं. थिएटरात हा स्पीकर पडद्याच्या मागं असतो, पडद्याला बारीक भोकं असतात, त्यातून आवाज पुढं येतो. कडेच्या खुर्चीवर बसलेल्यालाही बोलणं पडद्यावरच्या तोंडातूनच आल्यासारखं वाटावं, ही त्यामागची गरज.

मी हे आप्पांच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "म्हंजी टुरिंग टॉकीजचा भोंगा की!"

लहानपणी ते आजोबांबरोबर बैल घेऊन माळेगावच्या यात्रेला जायचे. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातली ती खंडोबाची यात्रा, जनावरांच्या बाजारासाठी नावाजलेली. तिथं तंबूतला सिनेमा असायचा. पडद्याच्या मागं लाकडी घोडीवर एकच भोंगा. गर्दी, धूळ, बाहेर तमाशाच्या ढोलकीचा आवाज, तरीही सिनेमातला शब्दन् शब्द कळायचा, असं ते ठासून सांगतात. तेव्हा त्यांचे कान दहा वर्षांचे होते हे खरं. पण भोंग्यातून खर्ज आणि अगदी वरचा आवाज कमीच निघतो, मधलाच पट्टा जोरात निघतो, आणि बोलणं मुख्यतः त्याच पट्ट्यात कळतं. आप्पांची आठवण बरोबर असणार.

ज्या घरात हे चाललं होतं त्याच घरात एक मधला स्पीकर कित्येक वर्षं क्रोशाच्या रुमालाखाली झाकून पडलेला होता.

दादानं २००४ च्या दिवाळीत मुंबईहून ॲम्प्लिफायर आणला होता. दुकानदार त्याला एव्ही रिसीव्हर म्हणतात, आमच्याकडं तो पहिल्या दिवसापासून ॲम्प्लिफायरच. जपानी बनावटीचा, दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा जड, बरोबर पाच स्पीकर आणि एक सबवूफर. आप्पा त्याच वर्षी वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झाले होते. पुढच्या वर्षी मंडळाच्या कंपन्या झाल्या, महावितरण आलं. निवृत्तीनंतरची ती पहिली दिवाळी, आणि दोघा बापलेकांनी तीन दिवस घरभर वायरी ओढल्या होत्या. मग दादा पुण्याला गेला. काही वर्षांनी डीव्हीडी प्लेअरची लेन्स गेली. ॲम्प्लिफायरवर रुमाल आला, रुमालावर गणपती आला.

त्या चार दिवसांतल्या दुसऱ्या दिवशी मी गणपती उचलून देवघरात ठेवला आणि बटण दाबलं. तीन-चार सेकंद काही नाही. मग आतून 'टक्' असा आवाज. तो आतल्या रिलेचा. वीज आत शिरल्यावर सर्किट स्थिर होईपर्यंत हा रिले स्पीकर जोडू देत नाही, नाहीतर चालू होतानाचा धक्का स्पीकरला बसतो. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "चालू झाला का?" तिला तो 'टक्' इतक्या वर्षांनी ओळखू आला.

आता लॅपटॉप याला जोडायचा. मालिका असो, नाटक असो, कीर्तन असो, आमचं बरंचसं पाहणं आता लॅपटॉपवरून टीव्हीवर होतं. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर लाल-पांढऱ्या गोल भोकांच्या रांगा आहेत, एक नारिंगी भोक आहे, छोटी झडप असलेली दोन चौकोनी भोकं आहेत. चित्र आणि आवाज एकाच वायरीनं नेणारं एचडीएमआयचं भोक नाही. एचडीएमआय २००२ च्या शेवटी जन्मलं, पण २००४ साली आमच्या ऐपतीच्या ॲम्प्लिफायरपर्यंत ते आलेलं नव्हतं. आणि लॅपटॉपला आहे काय, तर एक हेडफोनचं भोक, एक एचडीएमआय आणि यूएसबी. दोघांत जुळणारं असं काहीच नाही.

सगळ्यांत सोपा रस्ता आधी घेतला. हेडफोनच्या भोकातून निघून टोकाला लाल-पांढऱ्या अशा दोन पिना होणारी वायर सेलूच्या बाजारातही मिळते. जोडली. आवाज आला, आणि त्याच्याबरोबर एक जाड 'घूंऽऽ' आला. मला तो मंद वाटत होता, आप्पांनी मात्र लगेच मान हलवली. "ह्ये घूं मला लई ऐकू यायलंय, माय." बरोबरच होतं. आपल्या विजेची आवर्तनं सेकंदाला ५०, आणि तो आवाज ५० किंवा त्याच्या पटीतल्या हर्ट्झचा. आप्पांच्या आलेखात जिथं रेघ सरळ आहे, नेमका तिथला. जे त्यांना ऐकू यायला हवं ते येत नव्हतं आणि नको ते भरभरून येत होतं.

लॅपटॉपचा चार्जर काढला की घूं थांबायचा. लावला की परत. आप्पा उठले, खुंटीवरच्या पिशवीतून टेस्टर काढला आणि लॅपटॉपच्या पाठीमागच्या स्क्रूला टेकवला. टेस्टरमधला दिवा अंधुकसा लागला. मला लॅपटॉपवर हात ठेवताना बारीक झिणझिण्या यायच्या, त्याचं कारणही तेच. चार्जरच्या आत गोंगाट गाळण्यासाठी कपॅसिटर असतात, त्यांतून अगदी थोडा प्रवाह लॅपटॉपच्या अंगावर येतो. अर्थिंग धड असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर मिळेल ती वाट धरतो, आणि मी जोडलेल्या वायरीच्या जाळीतून तो ॲम्प्लिफायरकडं निघाला होता.

"अर्थिंग मेलंय," आप्पा म्हणाले.

तुळशी वृंदावनाच्या मागं त्यांनी स्वतः कधीतरी केलेला अर्थिंगचा खड्डा आहे. उकरला, तर पाइपाला जोडलेली तार गंजून नुसती भुगा होऊन बसलेली. पुढचा सगळा दिवस त्यांचा होता. शेजारच्या मुलाकडून खड्डा मोठा करून घेतला, नवा पाइप आणवला, कोळसा आणि जाडं मीठ यांचे थर देववले. मीठ ओल धरतं, कोळसा पाइपाभोवती वीज वाहून न्यायला मदत करतो. नोकरीत असताना उन्हाळ्यात गावोगावच्या डीपीच्या अर्थिंगला घागरीनं पाणी घालत फिरण्याचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. आमची काळी जमीन पावसात लोण्यासारखी आणि चैत्रात हातभर भेगा पडलेली. ओल गेली की जमीन वीज घेत नाही. त्या दिवशी त्यांना कुणाला काही विचारावं लागलं नाही. सांगत होते तेच, आणि आम्ही ऐकत होतो.

संध्याकाळी टेस्टरचा दिवा लागला नाही. झिणझिण्या गेल्या. घूं अगदी थोडा उरला.

याच वायरीवर आम्ही पहिला प्रयोग केला. ॲम्प्लिफायरमध्ये प्रो लॉजिक टू नावाची सोय आहे, २००० साली आलेली. दोनच मार्गांनी आलेला आवाज ती तपासते. डावीकडं आणि उजवीकडं जे अगदी सारखं आहे ते मधल्या स्पीकरला देते, वेगळं आहे ते बाजूंना वाटते. लॅपटॉपमध्ये सिनेमाचा मधला आवाज थोडा कमी करून दोन्ही बाजूंना सारखा मिसळलेला असतो, म्हणून ही युक्ती त्याला बऱ्याच अंशी परत गोळा करू शकते. त्या रात्रीच्या मालिकेत आप्पांनी "काय म्हणला त्यो" नेहमीपेक्षा कमी वेळा विचारलं. ज्यांच्याकडं असा जुना ॲम्प्लिफायर आहे आणि ज्यांना फार खटाटोप करायचा नाही, त्यांनी इथंच थांबलं तरी चालेल. तबला, बासरी, जे जे मधोमध वाजतं तेही मधल्या स्पीकरमध्ये येतं, एवढीच त्यातली उणीव.

मी थांबले नाही, कारण दादाच्या जुन्या डीव्हीड्या कपाटात होत्या, आणि त्यांच्यावर तो मधला मार्ग अस्सल, वेगळा ठेवलेला होता.

संभाजीनगरला परत आल्यावर मी हजारभर रुपयांची एक डबी मागवली. तिला एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर म्हणतात. लॅपटॉपची एचडीएमआय वायर तिच्यात शिरते, चित्र पुढं टीव्हीकडं जातं, आणि आवाज एका चौकोनी भोकातून ऑप्टिकल वायरीनं बाहेर निघतो. ॲम्प्लिफायरच्या पाठीवरची झडपेची भोकं याचसाठी होती. तोशिबा कंपनीनं १९८३ साली काढलेली ही जोडणी, आणि डबी आजची, तरी दोघींचं माप एकच. यूएसबीचं डीव्हीडी ड्राइव्हही घेतलं.

संक्रांतीला गेले तेव्हा हे सगळं पिशवीत होतं. दोन दिवस आवाज स्टिरिओच येत राहिला. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये दोन स्पीकरांच्या पुढं काही पर्यायच दिसेना. कारण कळलं ते असं, की एचडीएमआयनं जोडलेली यंत्रं आधी एकमेकांची विचारपूस करतात. तुला काय काय समजतं, असं लॅपटॉप विचारतो आणि समोरचं यंत्र आपली यादी देतं. माझ्या डबीवर एक बारीक खटका होता आणि तो 'पास'वर होता. म्हणजे डबी स्वतः उत्तर न देता टीव्हीचं उत्तर पुढं करत होती, आणि आमचा टीव्ही म्हणत होता, मला दोनच मार्ग समजतात. खटका ५.१ वर नेला, वायर काढून परत घातली. लॅपटॉपच्या यादीत डॉल्बी डिजिटल आणि तिच्यासारखीच दुसरी पद्धत डीटीएस, ही नावं उमटली.

इथं एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण बरेच जण इथं अडकतात. ऑप्टिकल वायरीतून सहा मार्गांचा मोकळा आवाज जाऊ शकत नाही, तेवढी तिची रुंदी नाही. मोकळे दोनच मार्ग जातात. सहा न्यायचे तर ते डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसच्या गाठोड्यात बांधलेले असावे लागतात, आणि ते गाठोडं लॅपटॉपनं न सोडता तसंच पुढं द्यावं लागतं. डीव्हीडीवर ते बांधलेलंच असतं, डॉल्बीचं जास्तीत जास्त सेकंदाला ४४८ किलोबिटचं. व्हीएलसी प्लेअर मात्र ते आपण होऊन सोडतो. त्याच्या ऑडिओ सेटिंगमध्ये एचडीएमआय/एसपीडीआयएफ पासथ्रू असा पर्याय आहे, तो चालू केला की तो गाठोड्याला हात लावत नाही. सोडण्याचं काम ॲम्प्लिफायर करतो. २००४ साली तो हेच काम करायला घडवला होता.

मी पर्याय चालू केला आणि पाचही स्पीकरांतून कानठळ्या बसवणारी खरखर सुटली. आई स्वयंपाकघरातून धावत आली. ॲम्प्लिफायर चुकून पीसीएम म्हणजे मोकळ्या आवाजाच्या मोडवर अडकवलेला होता, म्हणून तो गाठोडं न सोडता त्याच्यावरच्या आकड्यांनाच आवाज समजून वाजवत होता. असं काही करताना आवाज अगदी खाली ठेवावा, हे मी कळकळीनं सांगते. स्पीकर जळू शकतात, आणि आप्पांसारख्या आधीच नाजूक झालेल्या कानांना असला आवाज परवडत नाही. ते तेव्हा अंगणात होते म्हणून वाचले.

मोड 'ऑटो'वर आणला, डीव्हीडी परत लावली. ॲम्प्लिफायरच्या काचेत आधी काहीच नाही, मग दुहेरी 'डी'चं ते चिन्ह निळसर उजळलं, आणि त्याच्या शेजारी सहा छोटे चौकोन, डावा, मधला, उजवा, मागचे दोन आणि खर्जाचा. इतक्या वर्षांनी हे सहाही एकदम लागलेले पाहून मी तिथंच जमिनीवर बसून राहिले.

आप्पांना वायरीत जास्त रस होता. मी ऑप्टिकल वायरीचं टोक ॲम्प्लिफायरमधून काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते तळव्यावर धरलं. तळव्यावर कुंकवाच्या टिळ्याएवढा लाल ठिपका पडला.

"ह्यात करंट न्हाई?"

"नाही आप्पा, नुसता उजेड आहे."

"मग घूंबी येणार न्हाई." मी समजावून सांगायच्या आत ते तिथं पोचले होते. प्लास्टिकच्या धाग्यातून फक्त प्रकाश जातो, लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये धातूचा धागाही उरत नाही, तर चुकार प्रवाह जाणार कुठून? ते बराच वेळ तळवा पुढं-मागं करत ठिपका लहान-मोठा होताना बघत होते.

तरीही आप्पांना शब्द पूर्ण कळत नव्हते. हे मी अपेक्षिलं नव्हतं. वायरी बरोबर, डॉल्बी बरोबर, मधला स्पीकर चालू, आणि आप्पा म्हणाले, "आवाज चांगला हाय, पर घुमायलाय."

घुमत होती ती खोली. आमचं जुनं घर माळवदाचं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तिथं दगड-मातीच्या जड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्या धसक्यानं मराठवाड्यात कितीतरी लोकांनी माळवदं उतरवली. आमच्याकडंही आप्पांनी मागचा भाग पाडून स्लॅबचा हॉल बांधला, पुढची एक खोली तेवढी राहिली. टीव्ही अर्थातच नव्या हॉलमध्ये. खाली गुळगुळीत फरशी, चारी बाजूंना सिमेंटच्या सपाट भिंती, वर स्लॅब. टाळी वाजवली की तिचं शेपूट ऐकू येतं. प्रत्येक शब्दाचं असं शेपूट पुढच्या शब्दावर पडतं, आणि त्याच्याखाली आधी मरतो तो तोच 'स', तोच 'थ'.

वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ज्याला लोक सुतार झोपडी म्हणतात, तिथं आप्पांनी आम्हाला लहानपणी नेलं होतं. आत बुद्धाची मोठी बसलेली मूर्ती, आणि वर लाकडी वासे असावेत तसं कोरलेलं दगडी छत. कुणी एक सूर लावला की तो सूर संपल्यावरही छताखाली फिरत राहतो. सामूहिक पठणासाठी ती जागा किती योग्य आहे हे तिथं उभं राहिलं की अंगावर काटा येऊन कळतं. पण तिथंच दादा मला काहीतरी सांगत होता आणि चार हातांवरून त्याचा एक शब्द मला उमगत नव्हता. सूर आणि शब्द यांना वेगवेगळी घरं लागतात. आमचा स्लॅबचा हॉल शब्दांचं घर नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळं पुढच्या माळवदाच्या खोलीत हलवलं. तिथं जाड मातीच्या ओबडधोबड भिंती आहेत, कोनाडे आहेत, सागाचे खांब, वर तुळया आणि फळ्या. एका कोपऱ्यात ज्वारीची पोती, एका भिंतीला गोधड्यांची चवड. आवाज आदळून सरळ परत यायला सपाट अशी जागाच नाही, आणि पोती-गोधड्या तो पिऊन टाकतात. टाळी वाजवली तर नुसती टाळी. गोधड्या माळ्यावर टाकायचा आईचा बेत होता, तो मी रहित करवला.

मधला स्पीकर टीव्हीखाली पाटावर ठेवला आणि पुढच्या बाजूनं खाली लाकडाचा तुकडा सारून त्याचं तोंड आप्पांच्या कानाच्या उंचीकडं वळवलं. मागचे दोन खांबांना बांधले. मग फूटपट्टीनं अंतरं मोजली. आवाजाला एक फूट चालायला मिलिसेकंदाच्या आसपास लागतो, म्हणून अंतरं सांगितली की ॲम्प्लिफायर जवळच्या स्पीकरला तेवढा थांबवून धरतो आणि सगळे आवाज खुर्चीपाशी एकदम पोचतात. पाळीपाळीनं प्रत्येक स्पीकरमधून 'शूऽऽ' असा चाचणीचा आवाज सोडता येतो. आप्पा डोळे मिटून बसले आणि आवाज जिकडून येईल तिकडं बोट दाखवत राहिले. मधला मी चार डेसिबलनं वाढवला. मागचे तीननं उतरवले. रात्री ऐकण्यासाठीचा एक मोड असतो, त्यात मोठे आवाज दबतात आणि बारीक आवाज वर येतात, तो चालू केला. सबवूफर जवळजवळ बंद केला.

दादाला फोनवर सांगितलं तेव्हा त्याला सबवूफरचं वाईट वाटलं. त्या गडगडाटासाठीच तर त्यानं हे सगळं आणलं होतं. मला त्याचं म्हणणं कळतं, पण मी बटण तसंच ठेवलं.

सगळंच मिळालं असं नाही. मालिका आणि नाटकं आम्ही ब्राउझरमध्ये बघतो, तिथं लॅपटॉपपाशी आवाज बहुतेक वेळा स्टिरिओच येतो, मग प्रो लॉजिकवरच काम भागवावं लागतं. नव्या पद्धती, डॉल्बी डिजिटल प्लस किंवा ॲटमॉस, या ॲम्प्लिफायरला कळत नाहीत, त्या त्याच्या नंतरच्या. कीर्तनांच्या चित्रफितींत कीर्तनकार, पखवाज, टाळ सगळं एकाच माइकमध्ये कालवलेलं असतं, ते कुठलंच यंत्र वेगळं करून देत नाही. तिथं आप्पा अजून विचारतात आणि आई अजून सांगते.

पण डीव्हीडीवरचा सिनेमा लागला, की गोष्ट वेगळी. पहिल्या रात्री अडीच तासांत त्यांनी चार वेळा विचारलं. मी मोजत होते. आई पहिला अर्धा तास त्यांच्याकडं मान वळवूनच बसली होती, कधी विचारतील याची सवय. मग हळूहळू तिची मान पडद्याकडं गेली. मध्यंतरानंतर ती दूध बघायला उठली आणि परत येऊन बसता बसता म्हणाली, "काय झालं वो?" आप्पा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "थांब, सांगतो नंतर."

चैत्रात मी गेले तेव्हा नळाला आठ दिवसांनी पाणी येत होतं. आप्पांनी अर्थिंगच्या खड्ड्याला रोज पाणी हवं म्हणून सांगून ठेवलेलं, आणि आईनं प्यायच्या पाण्यातला थेंबही देणार नाही म्हणून. सकाळी मी ओसरीवर चहा पीत होते. आईनं आंघोळ करून तुळशीला पाणी घातलं. मग भाजी धुतलेल्या पाण्याचं पातेलं उचललं आणि वृंदावनाच्या मागं जाऊन खड्ड्यात ओतलं, तळाशी राहिलेल्या मेथीच्या दोन पानांसकट.